ठेवायची की विकायची?

काशीगावात महामार्गाला लागून पत्र्याच्या शेडांची एक गल्ली आहे. जुन्या मोटारींना नवी कांती देणे हा तिथला व्यवसाय. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शेडवर ‘फुल बॉडी पेंट फक्त १४,९९९’ असा फलक आहे. त्यातला आकडा आजवर तीनदा बदलला, अक्षरे मात्र उत्तमभाऊंच्या हातची, तीच राहिली. उत्तम शिगवण मूळचे गुहागरकडचे. एकोणिसाव्या वर्षी ते रंगाच्या कामाला लागले. आता त्यांचे वय अठ्ठावन्न आहे, नखांच्या कडांना कायमची राखाडी रेघ आहे आणि थिनरच्या वासाने घ्राणेंद्रिय केव्हाच निवृत्त झाले आहे. पत्नी मंदाताई सकाळी भाजीला फोडणी घालतात तेव्हा ती करपली की खमंग झाली हे उत्तमभाऊंना त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ज्या कामाला साठ-सत्तर हजार पडतात ते पंधरा हजारांत कसे होते, हे उत्तमभाऊ गिऱ्हाइकाला आडपडदा न ठेवता सांगत. रंग फक्त बाहेरून लागेल. दार उघडले की आतल्या कडेला जुनाच रंग दिसेल. रंगाचे हात तीनऐवजी दोन बसतील. वाळवायला भट्टी नाही, ऊन आहे. धूळ बसू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडतो, तरी एखादा कण रुतणारच. दीड वर्ष चकाकी राहील, नंतर छपराकडून ती उतरू लागेल. एवढे ऐकूनही गिऱ्हाईक थांबले, तर मग ते एक प्रश्न विचारीत. हा प्रश्न त्यांना उस्तादांकडून वारशाने मिळाला होता आणि गल्लीतल्या प्रत्येक शेडमध्ये तो तसाच विचारला जाई: "ठेवायची की विकायची?"

या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून असे. खाडीच्या खाऱ्या हवेत राहिलेली मोटार वरून सडत नाही, खालून सडते. दार ज्यावर मिटते ती खालची पोकळ पट्टी आतल्या आत पापुद्रे सोडू लागते. ठेवायची मोटार असेल तर सडलेला भाग कापून काढायचा, निरोगी पत्र्याला नवा पत्रा वेल्ड करायचा आणि मगच रंगाला हात घालायचा. विकायची असेल, तर भोकात वर्तमानपत्राचे बोळे ठासायचे, वर तारेची जाळी लावायची आणि खड्डे बुजवायचे ते राखाडी लुकण, ज्याला गल्लीत ‘लांबी’ म्हणतात, ते चोपडून, घासून, रंगवून मोकळे व्हायचे. याला कोणी फसवणूक म्हणत नसे. विकणाऱ्याला ठाऊक असते, दलालाला ठाऊक असते. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, असा त्या गल्लीचा अलिखित धर्म होता. उत्तमभाऊंनी तो अडतीस वर्षे श्रद्धेने पाळला.

जानेवारीत पेणकरपाड्याचे अनिश घाणेकर आपली रुपेरी रंगाची, अकरा वर्षांची छोटी मोटार घेऊन आले. अंधेरीच्या एका खाजगी कचेरीत हिशेबनीस असलेले हे गृहस्थ चाळिशीच्या उंबरठ्यावर होते, बोलायला सौम्य. मोटार दिवंगत वडिलांची. इमारतीच्या आवारात नुसती उभी असे. उत्तमभाऊंनी प्रश्न विचारला. अनिश म्हणाले, "विकायची." त्या दिवशी दोघांपैकी कोणालाही त्या शब्दाचे वजन जाणवले नाही.

मोटार जॅकवर चढल्यावर उत्तमभाऊंनी रिवाजाप्रमाणे पेचकस घेऊन खालची कड तपासली. उजवी बाजू बरी होती. डाव्या बाजूला, मागच्या दाराखाली, पेचकस काही न अडता आत गेला. जिथे पत्रा असायला हवा तिथे गंजाचा भुगा होता, आणि मागच्या सीटच्या पट्ट्याचा बोल्ट त्या भुग्याला धरून होता. त्यांनी क्षणभर तिकडे पाहिले. मग कोपऱ्यातल्या रद्दीतून चार ताव उचलले. अनिशना त्यांनी याबद्दल सांगितले नाही. विकायच्या मोटारीत अशा गोष्टी सांगण्याची रीतच नव्हती. रंग मात्र त्यांनी मन लावून दिला. त्या आठवड्यात वारा पडलेला होता, धूळ कमी होती, आणि कधी कधी साधकाला जसे अवचित साधून जाते तसे त्यांना त्या रुपेरी रंगाचे साधले. सहाव्या दिवशी मोटार उन्हात बाहेर काढली तेव्हा शेजारच्या शेडमधला सूरजसुद्धा हातातले काम टाकून पाहायला आला.

तीन आठवड्यांनी अनिश पेढ्यांचा पुडा घेऊन शेडमध्ये हजर झाले. त्यांनी सांगितले ते असे, की विकण्यासाठी दोन माणसे पाहून गेली, भावही बरा येत होता. पण मोटार आवारात उभी राहिली तेव्हा त्यांच्या सात वर्षांच्या इशिताला दारात स्वतःचा चेहरा दिसला, आणि ती रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी त्या दारापुढे उभी राहून वेण्या नीट करू लागली. पत्नी नेहाला इमारतीतल्या बायकांनी विचारले, नवी घेतलीत का. वडिलांच्या आठवणीने आई रडली. अशी मोटार मग कोणाला द्यायची?

"तुम्ही विचारलं होतंत ना, ठेवायची की विकायची," अनिश हसून म्हणाले. "तर ठेवायची. तुमच्याच हाताचा दोष आहे हा."

उत्तमभाऊंच्या तोंडात अर्धा पेढा होता. त्यांनी विचारले, "मुलगी कुठं बसते?"

"मागं, डावीकडं. ती खिडकी तिच्या मालकीची आहे. आमच्यापैकी कुणाला बसू देत नाही."

अनिश गेले तेव्हा त्यांनी दारापर्यंत जाऊन निरोप दिला आणि परत येऊन स्टुलावर बसले. सांगायला हवे होते, हे त्यांना कळत होते; पण जे सांगायचे त्याच्या पोटात दुसरे एक सांगणे दडलेले होते. तुमच्या मुलीची सीट कुजक्या पत्र्यावर आहे, असे म्हणायचे तर त्याचबरोबर हेही म्हणावे लागणार होते, की दुसऱ्या कोणाची मुलगी तिथे बसणार असती तर मी गप्प राहिलो असतो. अडतीस वर्षांत हे दुसरे वाक्य त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी उच्चारले नव्हते.

पाच दिवस ते गप्प राहिले. सहाव्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी मंदाताईंना सांगितले. मंदाताई एका पोळीभाजी केंद्रात रोज दोनशे पोळ्या लाटतात. त्यांना बोलायला फार शब्द लागत नाहीत. त्या म्हणाल्या, "त्यांचे पेढे पोटात घेऊन बसलात. जा नि सांगून या."

रविवारी उत्तमभाऊ पेणकरपाड्याला गेले. आवारात मोटार उभी होती, तिच्यावर पाण्याचे थेंब होते, नुकतीच धुतलेली. अनिश खाली आले. उत्तमभाऊंनी सुरुवात वळणावळणाने केली. थोडे काम राहून गेले आहे, म्हणाले. गाडी दहा दिवस शेडमध्ये आणून ठेवा. अनिशच्या चेहऱ्यावरचा सौम्यपणा तसाच राहिला, पण डोळे हिशेबनिसाचे झाले.

"म्हणजे अजून किती?" त्यांनी विचारले.

संशय वाजवी होता. स्वस्त काम करणारा माणूस दुसऱ्यांदा दारात येतो तो बहुधा वाढीव पैसे मागायलाच. उत्तमभाऊंनी खिशातून पेचकस काढला, मागच्या डाव्या दाराशी गुडघे टेकले आणि आपल्याच हातच्या त्या आरशासारख्या रंगावर टोक ठेवून दाबले. लांबीचा टवका उडाला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. दोन बोटे घालून त्यांनी आतला बोळा ओढून काढला. धुण्याच्या पाण्याने भिजलेले जानेवारीचे वर्तमानपत्र, त्यावर कुठल्याशा गृहसंकुलाची जाहिरात. मग त्यांनी सीटचा पट्टा कुठे बांधलेला आहे ते दाखवले आणि जोराचा हिसका बसला तर काय होईल तेही सांगितले.

अनिशनी वाकून त्या भोकात स्वतःचे बोट घालून पाहिले. वर गॅलरीतून नेहाने हाक मारून विचारले, काय झाले. काही नाही, म्हणून त्यांनी हात हलवला. मग खालच्या आवाजात विचारले, "आणि विकली असती, तर सांगितलं असतंत?"

"नाही," उत्तमभाऊ म्हणाले.

खर्चाचे बोलणे झाले. सडका भाग कापून पत्रा बसवायचा तर अठरा हजार. आतून उघडल्यावर आणखी किती निघेल ते आत्ता सांगता येणार नाही. उत्तमभाऊंनी मजुरी नको म्हटले, फक्त पत्र्याचे आणि वेल्डिंगचे द्या. अनिश विचारात पडले. शाळेची फी, आईचे डोळ्याचे ऑपरेशन, असे काही ते पुटपुटले. मग त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, लोभही नव्हता. होता तो केवळ थकवा, आणि थकलेल्या सज्जनाच्या हातून होते तेवढे वाईट दुर्जनाच्या हातून क्वचितच होत असेल.

"मग ते परत भरा," ते म्हणाले. "विकूनच टाकतो."

उत्तमभाऊ उठून उभे राहिले. हातात तो ओला कागद होता. "माझ्या हातून आता व्हायचं नाही, साहेब."

"आधी कुणाच्या हातून झालं होतं?"

गॅलरीत आता इशिता येऊन उभी राहिली होती आणि आपल्या दाराशी एवढा वेळ हे काय चालले आहे ते वरून वाकून पाहत होती.

चार दिवसांनी तीच मोटार सूरजच्या शेडमध्ये दिसली. सूरज पूर्वी उत्तमभाऊंच्या हाताखाली शिकलेला; हात चांगला, जीभ त्याहून चांगली. त्याने तीन हजारांत भोक बुजवले, रंग असा जुळवला की सांधा शोधून सापडू नये. उत्तमभाऊ बाहेर उभे राहिलेले पाहून तो म्हणाला, "भाऊ, माल तुमचाच आहे. मी नुसतं झाकण लावलंय." बाजूच्या दोघातिघांनी हसून दाद दिली. उत्तमभाऊंच्या नकाराची गोष्ट तोवर गल्लीभर झाली होती आणि दलालांनी त्यांच्या शेडकडे वळणे थांबवले होते. विकायच्या गाड्या हे त्यांचे निम्म्याहून अधिक काम होते. उरली ती ओरखड्यांची आणि बंपरची किरकोळ कामे.

रिकामा वेळ मिळू लागला तसे त्यांना एक नवेच व्यसन जडले. महामार्गावरून जाणाऱ्या रुपेरी मोटारींच्या खालच्या कडा ते न्याहाळीत. ती मोटार गेली कुठे, हे विचारायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. मे महिन्यात त्यांनी ते सूरजला विचारले. चेणे गावच्या एका म्हाताऱ्याने घेतली, सूरज म्हणाला. राघो नाव, भाजीचा मळा आहे. मग पत्र्यावरची नजर न काढता त्याने विचारले, "आता तिथं पण पेचकस घेऊन जाणार का?"

ते गेले. बसने, दुपारच्या आधी. चेण्यात राघोचे घर शोधावे लागले नाही. अंगणात, आंब्याच्या सावलीत मोटार उभी होती, पुढच्या जाळीवर झेंडूची वाळलेली माळ. राघो सत्तरीचा, ताठ, एके काळी टेम्पो चालवलेला माणूस. रंगवाला आलाय म्हटल्यावर त्याने खाटेवर जागा करून दिली. त्याच्या बोलण्यातून कळले ते एवढे: बायको चंपाच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा तिला भाईंदरला नेऊन डायलिसिस करावे लागते. परत येताना तिला रिक्षाचे धक्के सोसत नाहीत, वाटेत उलटी होते. म्हणून मळ्याची एक पट्टी विकून त्याने ही घेतली. मागे डाव्या बाजूला उशी लावून दिली की ती घरापर्यंत डोळे मिटून पडून राहते.

"ईकणारा मानूस चांगला व्हता," राघो म्हणाला. "बापाची गाडी हाय म्हनाला. घरची हाय."

चंपा दाराच्या चौकटीला टेकून बसली होती, वाळलेली, हाताच्या शिरा सुजलेल्या. तिने पाहुण्याला चहा विचारला. ती स्वतः दिवसाला मोजून पेलाभर पाणी पिई.

या वेळी उत्तमभाऊंनी वळण घेतले नाही. पेचकसही काढला नाही. बोलून सांगितले. राघोने सगळे ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले.

"पट्टा सुटंल?"

"सुटेल."

"तुला कसं ठावं?"

"आत कागद मीच भरलाय."

राघोने बायकोकडे पाहिले, मग मोटारीकडे. शिवी देईल, हात उगारेल, या तयारीने उत्तमभाऊ बसले होते. तसे काही झाले नाही. राघोने फक्त त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलला, अंगणाच्या कडेला जाऊन ओतला आणि रिकामा कप विसळून आत ठेवला. मग विचारले, किती दिवस लागतील. उत्तमभाऊ म्हणाले, आठ. पैसे नकोत, पत्राही माझाच.

त्या दिवशी राघो पेणकरपाड्यालाही जाऊन आला. तिथे त्याला स्वतःच्या सहीचा कागद दाखवण्यात आला. मोटार जशी आहे तशी घेतली, असे त्यावर लिहिले होते. दुसऱ्या दिवशी त्याने ती काशीगावच्या शेडमध्ये आणून लावली आणि चावी उत्तमभाऊंच्या हातात न देता बाकावर ठेवली.

उत्तमभाऊंनी दार काढून भिंतीला टेकवले, सीट उचलली आणि कापायला सुरुवात केली. या कामाचा नियम साधा आहे: नवा पत्रा जोडायचा तर त्याला धरून ठेवील असा निरोगी जुना पत्रा लागतो. तो लागेपर्यंत कापत जायचे. पहिल्या दिवशी त्यांनी पट्टी कापली. कड भुगा होऊन गळली. दुसऱ्या दिवशी ते सीटखालच्या तळापर्यंत गेले. वरून मॅटने झाकलेला तळ खालून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा झाला होता. हातोडीने ठोकावे, खणखणीत आवाज येतो का ऐकावे, आणि तो बद्द येताच आणखी चार बोटे कापावे, असे चालले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते मधल्या आडव्या पट्टीशी पोचले, जिच्यावर सगळी मोटार तोललेली असते. तीही बोटाने दाबली गेली. त्यांनी ग्राइंडर बंद केला. भिंतीला टेकवलेल्या दारात समोरचा सारा देखावा स्पष्ट उमटला होता: उघडी पडलेली मोटार, तळातून दिसणारी जमीन, गुडघ्यांवर बसलेला एक माणूस. रंग अजून उत्कृष्ट होता.

संध्याकाळी राघो आला. चंपाला डायलिसिसहून आणताना रिक्षा त्याने गल्लीच्या तोंडाशी थांबवली होती. ती आत डोके मागे टाकून, तोंडाला पदर लावून पडली होती. राघोने वाकून त्या भगदाडातून खालची माती पाहिली. उत्तमभाऊंनी सांगितले, की जोडायला आत काही उरलेले नाही. ही आता रस्त्यावर आणता येणार नाही, हिचे फक्त वजनाचे येतील. ज्या कामाचे आपल्याला पंधरा हजार मिळाले होते ते परत देतो, असेही ते म्हणाले.

"तू न्हाय सांगितलं असतंस तं बरं झालं असतं," राघो म्हणाला. "गाडीत पडून तरी जात व्हती ती."

तो रिक्षात जाऊन बसला. रिक्षा वळताना गतिरोधकावर आदळली आणि आतून एक क्षीण कण्हणे ऐकू आले. बाकी गल्लीतल्या ठोकठोकीत कोणाला ते ऐकू आले नसावे.

भंगारवाल्याने त्याच आठवड्यात मोटार नेली. दारेही वजनात गेली. उत्तमभाऊंनी दिलेले पैसे राघोने पुतण्याच्या हस्ते घेतले आणि निरोप पाठवला नाही.

फलक अजून तिथेच आहे. परवा एक तरुण आपली लाल मोटार घेऊन त्याखाली उभा राहिला. त्याने दर विचारला, किती दिवस टिकेल ते विचारले, आणि मग गल्लीत सगळे विचारतात तो प्रश्न ऐकायला थांबला. उत्तमभाऊंनी तो विचारला नाही. त्यांनी खिशातून पेचकस काढला आणि मोटारीच्या डाव्या कडेशी, मागच्या दाराखाली, सावकाश गुडघे टेकले.

"अहो, हे काय करताय?" तरुण म्हणाला. "मला फक्त रंग द्यायचाय. विकायचीय."

"खाली सडलीय का ते बघतो. सडली असेल तर घेणाऱ्याला सांगावं लागेल."

तरुणाने त्यांना बाजूला व्हायला सांगितले, मोटार चालू केली आणि ती सूरजच्या शेडपुढे नेऊन लावली. तिथून प्रश्न ऐकू आला, आणि त्याचे उत्तरही.